दोन बोटांची जागा

घोडीच्या म्होरकीसाठी आदिलाबादहून माळेगावच्या यात्रेला जायचे म्हणजे वरवर पाहता रिकामपणाचाच उद्योग. बैलांच्या म्होरक्या, वेसणी, कासरे, गोंडे, घुंगरमाळा आमच्या बाजारात पोळ्याच्या आधी ढिगाने येतात. पण घोड्याचे सामान मागितले की दुकानदार चष्म्यावरून आपल्याकडे पाहतो. म्हणून गेल्या मार्गशीर्षात भाचा म्हणाला, "मामा, माळेगावले चाला. तुमाले खंडोबाचं दर्शन होईन, मले घोडीचं सामान पायता येईन." मी पिशवी उचलली. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड करीत गाडी नांदेडला पोचली आणि तिथून लोह्याकडच्या बसने आम्ही यात्रेत शिरलो.

भाच्याचे गाव जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. शेतात कापूस आणि तूर, आणि दारात एक पांढरी घोडी. लग्नसराईत ती घोडी नदीच्या दोन्ही काठांवर जाते. अलीकडे वरातीतली माणसे तिला तेलुगूत हाकारतात, पलीकडे मराठीत. तिला दोन्ही भाषा सारख्याच कळतात किंवा सारख्याच कळत नाहीत. मागच्या वैशाखात एका वरातीत फटाक्यांची लड तिच्या पायाशी पडली, त्याच क्षणी मागून डीजेचा दणका उठला आणि घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव मानेला मिठी मारून बसला म्हणून वाचला. समोर नाचणारी पोरे कशी बाजूला झाली हे कोणालाच सांगता आले नाही. त्या दिवसापासून भाच्याच्या डोक्यात एकच विषय होता. घोडीला 'पक्की' नाकपट्टी हवी.

ज्यांच्या घरी घोडे नाही (म्हणजे आता आपण सगळेच) त्यांच्यासाठी दोन शब्द. घोड्याच्या तोंडात असते ते लोखंडी कडियाळ. त्याला जोडलेला लगाम स्वाराच्या हातात. आणि नाकाच्या दांडीवरून येऊन हनुवटीखाली बांधली जाते ती पट्टी. नुसत्या म्होरकीतही ती असते, लगामाच्या साजातही असते. घोडा बांधायला, धरून चालवायला ती लागते. पण कडियाळाबरोबर ती आवळली की तिचे खरे काम निराळेच होते. तोंडातले लोखंड टोचले तर घोडा जबडा उघडतो, जीभ बाहेर काढतो, मान वर फेकतो. पट्टी आवळली की जबडा उघडत नाही. लोखंड तेच, टोचणेही तेच. फक्त ते आता दिसत नाही.

माळेगावला जनावरांचा बाजार म्हणजे एक मोठे गावच वसते. घोडे, गाढवे, उंट, बैल. आणि त्यांच्या कडेने सामानाच्या पाली. एका पालीपुढे आम्ही उकिडवे बसलो. दुकानदाराने पुढे तीन वस्तू टाकल्या. पहिली रुंद चामड्याची साधी पट्टी, आतून नमदा लावलेली. दुसरी आठाच्या आकड्यासारखी, नाकावर फुली पडणारी, दोन ठिकाणी आवळायची. तिसरी तांबड्या मखमलीत गुंडाळलेली, वर आरशांचे तुकडे आणि जर. अशी देखणी की नवरदेवाच्या फेट्याला शोभावी. मी ती हातात घेतली आणि अंगठ्याने आतली बाजू दाबून पाहिली. मखमलीखाली साखळी होती आणि साखळीला बारीक दाते.

दुकानदार म्हणाला, "ही न्या. घोडी आवाजच करणार नाही."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हांला चहा पाजला, भाच्याच्या घोडीचे वय विचारले, खुरांना तेल लावता का विचारले. त्याच्या दृष्टीने हे विक्रीचे वाक्य होते आणि दर गिऱ्हाइकाला तेच हवे असते हे त्याला अनुभवाने माहीत होते. पण ते वाक्य मला लागले. घोडी शांत होईल, घोडी धीट होईल, घोडीला फटाक्याचे भय वाटणार नाही, असे काही तो म्हणाला नव्हता. आवाज करणार नाही एवढेच म्हणाला.

आपल्या भाषेत जनावराच्या तोंडानाकावरून किती शब्द माणसांच्या व्यवहारात आले आहेत, हे त्या रात्री धर्मशाळेत पडल्या पडल्या मी मोजत होतो. महागाईला वेसण घालायची असते. जिभेला लगाम हवा. वर्तमानपत्रात बिबट्या 'जेरबंद' होतो. नदीपलीकडे टिपेश्वरचे जंगल असल्याने आम्हांला अशी बातमी अनोळखी नाही. पण जेरबंद म्हणजे मूळचा घोड्याच्या छातीखालून तंगापर्यंत जाणारा पट्टा, घोड्याने मान वर फेकू नये म्हणून लावलेला, हे बातमी लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसते. तेलुगूतही तेच आहे. मुक्कुताडु म्हणजे वेसण आणि कळ्ळेम म्हणजे लगाम, आणि दोन्ही शब्द माणसांना आवरण्यासाठी सर्रास वापरले जातात. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे आपला 'मुस्कटदाबी' हा शब्द. सभेत, अग्रलेखात, विधानसभेत तो आपण किती त्वेषाने उच्चारतो. त्या शब्दातले मुस्कट कोणाचे, याचा विचार मात्र आम्हा दोघांपुढे तीन पट्ट्या पडेपर्यंत मी कधी केला नव्हता.

आणखी एक शब्द आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त छळतो. लाथ न मारणाऱ्या, शिंग न उगारणाऱ्या जनावराला आपण 'गरीब' म्हणतो. "गाय गरीब आहे हो, लेकराने हात लावला तरी काही करणार नाही." निमूटपणा आणि दारिद्र्य यांना एकच शब्द देणाऱ्या आपल्या पूर्वजांना माणसांचा अनुभव दांडगा असला पाहिजे.

आता माझे स्वतःचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजोबांकडे एक तट्टू होते. बाजारहाट, वसुलीच्या कामाला शेजारच्या गावी जाणे, सगळे त्याच्यावर. तिला शिंगरू झाले, ते आजोबांनी मला 'दिले'. म्हणजे ते माझे आहे असे मी शाळेत सांगावे, एवढीच मुभा. मी आईकडून रंगीत लोकर मागून घेतली आणि गड्याच्या मदतीने त्याच्यासाठी म्होरकी विणली. निळी आणि पिवळी. गालांवर गोंडे. तिच्या मापाची अशी चपखल बसली की सगळ्यांनी वाहवा केली. ती दिवाळी होती. पुढे शाळा सुरू झाली, माघात परीक्षांचे वारे वाहू लागले, शिंगरू आईबरोबर रानात चरायला जाऊ लागले आणि मी त्याला लांबून पाहू लागलो. लांबून ते छानच दिसे. निळी म्होरकी, पिवळे गोंडे.

शिंगराचे डोके वाढते. लोकर वाढत नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एकदा त्याच्याजवळ गेलो, तर वास आला. नाकाच्या दांडीवर म्होरकी दिसतच नव्हती. कातडीने तिला आत घेतले होते. दोन्ही बाजूंनी मांस वर आले होते आणि मधल्या खाचेत निळी लोकर काळी पडून रुतली होती. मी ओरडलो. आजोबांनी एक म्हातारे सालोत्री बोलावले. (हा शब्दही आता गेला, शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला, घोड्यांच्या वैद्याचा.) त्यांनी शिंगरू आडवे पाडले, चार माणसांनी धरले आणि चिमट्याने एकेक धागा ओढून काढला. मला तिथे उभे राहायला लावले होते. आजोबांनी मला मारले नाही की बोलले नाहीत. मारले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले.

जखम भरली. नाकावर पांढऱ्या केसांचा पट्टा राहिला, तो ते जनावर मरेपर्यंत राहिला. पण मला आजही कळत नाही ते वेगळेच. इतके दिवस ते रोज संध्याकाळी गोठ्यात येत होते. गडी त्याला पाणी दाखवीत होता. आई त्याला भाकरीचा तुकडा देत होती. त्याने एकदाही कोणाला काही 'सांगितले' नाही. आमच्या घरात त्याच्याविषयी एकच मत होते. शिंगरू फार गरीब आहे.

घोड्याची ही जातीची सवय आहे असे म्हणतात. कळपात राहणारे, वाघाचे भक्ष्य असलेले जनावर. दुखते आहे असे जो दाखवील तो आधी मारला जाणार. त्यामुळे दुखणे लपवण्यावरच त्याचा पिंड पोसलेला. कुत्रे केकाटते, गाय हंबरते, घोडा बहुधा गप्प राहतो. त्याच्याकडे तक्रारीची जी काही थोडी साधने आहेत ती म्हणजे कान, शेपूट, मान आणि तोंड. आपण नाकपट्टी आवळतो तेव्हा त्या चारांतले एक काढून घेतो, जेरबंद लावतो तेव्हा दुसरे. शिवाय घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्याचा सगळा श्वास नाकाचा. नाकाची दांडी वर भक्कम असते आणि खाली निमुळती होत संपते. तिच्या पुढे नुसती कुर्ची. पट्टी चार बोटे खाली सरकली की ती हाडावरून कुर्चीवर येते. वर आवळली तर गालाचा आतला भाग वरच्या दाढांच्या धारदार कडांवर दाबला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तोंड मिटलेला, मान खाली घातलेला, मोठा सुरेख घोडा दिसतो.

ही केवळ आमच्या वरातींतल्या घोड्यांची कथा नाही. युरोपात घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात, लाखो रुपये किमतीचे घोडे, प्रत्येकाला वैद्य, प्रत्येकाला चाकर. तिथे पूर्वापार नियम असा की नाकपट्टी आणि नाकाची दांडी यांच्यामध्ये माणसाची दोन बोटे जावीत. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांतील ७५० घोड्यांच्या पट्ट्या काही संशोधकांनी मोजल्या आणि २०१७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. दोन बोटे जातील अशी पट्टी शेकडा सातच घोड्यांची होती. शेकडा ४४ घोड्यांच्या पट्टीखाली एक बोटही शिरत नव्हते. नियम सगळ्यांना पाठ होता. शेवटी २०२५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला पट्टीखाली सरकवून पाहायचे मोजमापाचे एक साधनच आणावे लागले, कारण बोटे कोणाची, हा वाद मिटेना.

तिथे घोड्याने तोंड उघडले तर परीक्षक गुण कापतात. तोंड उघडणे हे तक्रारीचे लक्षण, म्हणून गुण कापायचे. आणि गुण कापले जाऊ नयेत म्हणून तक्रारीचे तोंडच बांधायचे. यात कोणी एक माणूस क्रूर नाही. परीक्षकाला वाटते घोडा सुखी असावा, स्वाराला वाटते बक्षीस मिळावे, आणि दोघांच्या मधोमध घोड्याचा जबडा आहे. ग्रीकांच्या झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यात मोकळ्या घोड्याला नेताना तोंडाला मुसके घालावे असे सांगितले आहे, आणि मुसक्याने श्वास अडत नाही हेही नमूद केले आहे. जबरदस्तीने करवून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला ना समज असते ना शोभा, हेही त्यानेच लिहून ठेवले. म्हणजे शहाणपण नवे नाही. आपल्याकडेही १९६० चा कायदा आहे, आणि त्याखाली ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या नियमांत काटेरी कडियाळ, टोचणारा साज वापरायला साफ मनाई आहे. माळेगावच्या त्या पालीत मखमलीच्या पट्टीखालच्या पोत्यात काटेरी कडियाळे किलोने भरलेली होती.

हे सगळे मी त्या रात्री भाच्याला सांगितले. शिंगराचेही सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तुमचं सगळं खरं हाय. पण घोडी उभी झाली तवा समोर लेकरं होती. एखादं चेंगरलं असतं तं? मंग तुमी मले सांगायले आले असते काय, का दोन बोटं सोडून बांध म्हणून?"

प्रश्न बिनतोड होता. प्राण्यांच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्यांचे बहुतेक लेख या ठिकाणी येऊन गुपचूप दुसऱ्या वाटेने जातात. एका बाजूला घोडीचा जबडा आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी पोराचा जीव असेल, तर मी कोणाच्या बाजूने उभा राहीन याविषयी मला शंका नाही. भाच्यालाही नव्हती. आणि त्याच्या बोलण्याला आणखी एक कड होती, ती त्याने बोलून दाखवली नाही, पण मला ऐकू आली. मामाला पेन्शन आहे. मामाच्या करुणेला दर महिन्याच्या पहिल्या तारखेचा आधार आहे. त्याचे घर मात्र कापसाच्या भावावर आणि या घोडीच्या चार पायांवर उभे आहे.

मी बराच वेळ गप्प राहिलो. मग त्याला एकच विचारले. घोडी उभी राहायच्या आधी काय करत होती?

त्याने आठवून सांगितले. मंदिरापासूनच ती मान झटकत होती. तोंड उघडून जीभ एका बाजूला काढत होती. कान मागे. लोक हसत होते, घोडी नाचते म्हणून मोबाईलवर चित्रे काढत होते. म्हणजे पाव तासाहून अधिक वेळ ती सांगत होती. वरातीत तिची भाषा येणारा एकच माणूस होता, आणि तो लगाम धरून पैशांचा हिशेब मनात करत चालला होता. हे तोच म्हणाला, मी नव्हे.

माझे म्हणणे एवढेच होते. दात्यांच्या पट्टीने घोडीचे भय जाणार नाही. फटाका तसाच फुटेल, तिचे काळीज तसेच उडेल. फक्त ती पाव तास आधी सांगणार नाही. आणि जे जनावर सांगू शकत नाही ते एक दिवस एकदम करते. मग त्या लेकरांचा जीव कोणत्या पट्टीत अधिक सुरक्षित, जी तिला गप्प करते त्या की जी तिला बोलू देते त्या? भाचा म्हणाला, "बोलू देली, मंग पुढं? डीजे बंद करून देतीन काय ते?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते. ऐकू आले की काही करावे लागते. म्हणून तर माणसे ऐकू येणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवतात.

इथे थोडे विषयांतर होईल, पण ते टाळता येत नाही. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तेलंगणात आहे, आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. या सगळ्या घालमेलीत मराठी शाळा काही राहिल्या, काही आटल्या. मी एके काळी तेलुगू माध्यमाच्या एका वर्गाला गणित शिकवत असे. वर्गात पाच-सहा मराठी घरची मुले होती. त्यांतला एक मुलगा तिसऱ्या बाकावर कडेला बसे. हात जोडून, पाठ ताठ. कधी गडबड नाही, कधी खिडकीबाहेर लक्ष नाही. त्याचे वडील भेटायला आले की मी सांगत असे, "पोरगा फार गरीब आहे तुमचा. काही त्रास नाही." वर्षाच्या शेवटी कळले की त्याला शाब्दिक उदाहरणांतले एक वाक्य समजत नव्हते. आकडे तेवढे ओळखीचे. आठ महिने तो माझ्यासमोर गप्प बसून होता आणि मी त्याच्या गप्प बसण्याला शाबासकी देत होतो. मला दोन्ही भाषा येत होत्या. मधल्या सुट्टीत दोन शब्द मराठीत विचारायला माझे काय जाणार होते? शिंगराच्या नाकावरचा पांढरा पट्टा पाहत वाढलेला माणूस मी, आणि तरीही.

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, हा चमत्कार. कीर्तनकार त्यावर रंगतात. पण त्याच कथेत आधी आणखी एक गोष्ट सांगतात, की रेड्याच्या पाठीवर मारलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. मला अलीकडे वाटू लागले आहे की खरा भाग तो आहे. वळ उठले नसते तर रेडा बोलला नसता. किंवा बोलला असता, पण ऐकायला कोणी नसते. आपल्या पाठीवर वळ उठत नाहीत. आपल्याजवळ दोन बोटेच आहेत.

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीपुढे जे दोन अश्व असतात, ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात, तेही सीमाभागच. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, ती माउलींची जागा. रिंगणात तो धावतो आणि त्याच्या टापेखालची माती लोक कपाळाला लावतात. लाखो माणसांची गर्दी, टाळमृदंगांचा कल्लोळ, आणि त्यात जनावर कोणी पाठीवर नसताना आखलेल्या वर्तुळात धावते. मी ते एकदाच पाहिले. ते कसे साधते हे मी भाच्याला समजावू शकलो नाही. गर्दीने मध्ये जागा मोकळी सोडलेली असते, एवढे मात्र सांगितले. तो म्हणाला, "आमच्या वरातीत कोणी जागा सोडते काय, मामा?"

दुसऱ्या दिवशी त्याने नमद्याची रुंद पट्टी घेतली. माझे म्हणणे पटले म्हणून घेतली की मामाचा मान राखला, हे मी विचारले नाही. पैसे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. दुकानदाराने मखमलीची पट्टी पुन्हा झटकून वर टांगली. आमच्या मागे उभा असलेला एक तरणा मुलगा ती घेऊन गेला. त्याच्या हातात घोड्याचा नव्हे, एका नाचणाऱ्या घोडीच्या चित्राचा मोबाईल होता.

लग्नसराईत काय झाले ते मला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. भाच्याने एक अट घालायला सुरुवात केली. डीजेची गाडी पुढे, घोडी मागे, मधे वीस-पंचवीस पावलांचे अंतर. आणि फटाके घोडी पुढे गेल्यावर. काहींनी मान्य केली. नदीपलीकडच्या एका गावात वरबापाने ती ऐकून घेतली, हो म्हटले आणि वरातीत पाळली नाही. घोडी मान झटकू लागताच भाच्याने नवरदेवाला खाली उतरवले आणि घोडी घेऊन घरी आला. पैसे मिळाले नाहीत. शिव्या मिळाल्या. पुढच्या दोन तारखा एका दुसऱ्या घोड्याकडे गेल्या, मखमलीच्या पट्टीच्या, खाली मान घालून चालणाऱ्या. "तो घोडा लय गरीब हाय म्हणतेत," भाचा फोनवर म्हणाला, आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

यंदा पोळ्याला त्याच्याकडे गेलो होतो. आदल्या रात्री बैलांचे खांदे हळद-तुपाने मळून झाले होते. सकाळी नव्या वेसणी, नव्या म्होरक्या. जुन्या काढून कुंपणावर टाकलेल्या. शेजारच्या तेलुगू घरी पोलाल अमावास्येची तीच गडबड, तेच गेरूने रंगवलेले शिंग. वेसण म्हणजे तर नाक टोचून आरपार घातलेला दोर, त्याच्यापुढे घोडीची पट्टी काय, असे कोणी मला विचारले तर मी गप्पच बसेन. ते धुंडाळायला निघालो तर नांगरापर्यंत आणि माझ्या ताटातल्या ज्वारीपर्यंत जावे लागेल. आजवर मी तिथपर्यंत गेलेलो नाही.

घोडीलाही पोळ्याच्या निमित्ताने अंघोळ घातली होती. तिच्या कपाळावरून हात फिरवताना माझा हात सवयीने नाकपट्टीवर गेला. पट्टीच्या टोकाला जुनी पाच भोके होती, आणि त्यांच्या आत एक सहावे, खिळ्याने पाडलेले, कडा फाटलेले. बक्कल त्या सहाव्यात होते. मी बोट घातले. एक गेले. दुसरे नखापर्यंत गेले आणि अडले.

भाचा बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवत होता. त्याने पाहिले होते. "मामा," तो म्हणाला, "तुमची बोटं खडूची हायत आणि तरी अडली काय? माझं तं एकबी नाही जात." त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, नेमका किती अपराध झाला हे विचारावे, तसा तो विचारत होता. आषाढात एक मोठी तारीख होती, तो म्हणाला, दोन गावांच्या मधली, नाही म्हणता येण्यासारखी नव्हती. नंतर भोक बदलायचे राहून गेले.

त्याची सहा वर्षांची मुलगी गोंड्यांची टोपली घेऊन आमच्यातच उभी होती. तिने टोपली खाली ठेवली, टाचा उंचावून घोडीच्या नाकापाशी हात नेला आणि आपली दोन बोटे पट्टीखाली सरळ आत सरकवली. घोडीने मान थोडी खाली आणली.

"रेंडु जातात की आबा!" ती म्हणाली. "पाहा ना, रेंडु जातात!"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मग बेगडाचा कागद बाजूला ठेवून तो उठला आणि बक्कल सोडायला लागला.